आठव्या महिन्याचं बाळ जगत नाही?

‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’ असं गरोदर बाईला आजही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे, आणि घाबरवणारंही. श्वास सोडल्यावर फुप्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून लागणारं सरफॅक्टंट नावाचं द्रव्य साधारण २४व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतं, ३५व्याच्या सुमारास पुरेसं होतं. म्हणजे दिवस भरेपर्यंत पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच! फुप्फुसं तयार झाली का हे पाहायला पूर्वी गर्भजलातलं लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन स्निग्ध पदार्थांचं प्रमाण तपासत. ते दोनास एक भरलं की श्वासाचा धोका कमी मानत. आता ही तपासणी क्वचितच होते, कारण फुप्फुसं तयार असली तरी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला इतर त्रास होऊ शकतात. ३४ आठवड्यांआधी कळा आल्या तर लगेच दवाखाना गाठा. आईला वेळेत दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतात.