कांपालची मोकळी जागा आणि ‘सुशोभीकरण’ हा शब्द

कला सादर करण्यासाठी जागा मोकळी राखण्याची रीत गोव्यात जुनी आहे. शिगम्याचा सण किंवा जागर हे लोकनाट्य ज्या मांडावर, म्हणजे गावाने त्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर, होते, तिथे सारवलेली जमीन आणि पेटती समई यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

पणजीत कांपाल येथे मांडवीच्या काठावर १९७३ ते १९८३ या काळात उभी राहिलेली कला अकादमी या गोव्याच्या कलासंस्थेची वास्तू याच रीतीशी नाते सांगते. नदी झाकली जाऊ नये म्हणून ती बसकी, आडवी ठेवलेली आहे. मुख्य रस्त्याकडून आत येणारा माणूस दारातून नव्हे, तर मांडवासारख्या पर्गोलाखालून येतो आणि सावलीतून थेट पाण्यापर्यंत चालत जातो. खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या चिऱ्याच्या; पावसाळ्यानंतर चिऱ्याच्या भोकांत शेवाळ काळे पडून राहते, आणि ते तसेच शोभते.

या रचनेला आता ‘किमानवादी’ म्हणतात, पण तो शब्द सैल आहे, कारण आतल्या प्रेक्षागृहाच्या भिंतींवर एका गोमंतकीय व्यंगचित्रकाराने रंगवलेली माणसांची गर्दी आहे. संयम आहे तो बाहेरच्या जागेत. खरा घोळ मात्र ‘सुशोभीकरण’ या शब्दाने घातला. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागल्यावर कांपालचा किनारा दरवर्षी सजू लागला आणि हा शब्द निविदांमधून बोलण्यात उतरला. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: जे रिकामे ते अपुरे. मग जिथे माणसाने नुसते बसावे, तिथे पेव्हर ब्लॉक, कुंड्या आणि रंगीत दिवे येतात. रिकामी जागा हाच आराखड्याचा भाग असतो, हे निविदेच्या तक्त्यात लिहायला रकाना नसतो.

२०१९ मध्ये खुले नाट्यगृह पाडण्याचा सरकारी विचार जाहीर झाला. खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात, छत गळते, हे कारण खोटे नव्हते. पण दुरुस्तीची गरज म्हणजे पाडकामाची गरज नव्हे, हा पाडकामाला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा अधिक वजनदार होता. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पाडकाम टळले. २०२१ मध्ये वास्तू दुरुस्तीसाठी बंद झाली. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, त्याच खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरील छताचा भाग कोसळला, तेव्हा चर्चा रचनेवरून कामाच्या दर्जाकडे वळली आणि मोकळ्या जागेचा प्रश्न मागे पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दारे उघडली. सरकारी कागदांत झाले ते ‘नूतनीकरण’. वास्तू जाणणाऱ्यांनी मागितले होते ‘जतन’.