बालपणी अत्याचार सोसलेल्यांचे बालकार्य (मुंबई)

लहानपणी मारहाण, लैंगिक शोषण किंवा घोर हेळसांड सोसलेल्या व्यक्तींनी मोठेपणी मुलांच्या संरक्षणाचे, संगोपनाचे वा समुपदेशनाचे काम पत्करणे, आणि त्या कामातून त्यांना मायेची माणसे व जगण्याला कारण मिळणे, असा या नोंदीचा विषय आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांच्या मते बहुतेक पीडित खाजगी आयुष्यातच सावरतात. थोड्यांना मात्र आपले सोसणे सार्वजनिक कामाला जोडावेसे वाटते. मानसशास्त्रज्ञ एर्विन स्टॉब यांनी दुःखातून उपजणाऱ्या परोपकाराची मांडणी केली. ते स्वतः हंगेरीत लहानपणी ज्यूसंहारातून वाचले होते.

मुंबईतील याचे ठळक उदाहरण म्हणजे १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रायोगिक उपक्रम म्हणून ती सुरू झाली, तेव्हा फोन घेणाऱ्यांत रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. फलाटावरून घाबऱ्याघुबऱ्या बोलणाऱ्या पोराला नेमके काय विचारायचे, याची जाण त्यांना स्वानुभवातून असू शके. २०२३ पासून ही सेवा केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली येऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली.

केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले, आणि शोषण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे होते. चाळीतल्या एका खोलीत मामा, काका, शेजारी सगळ्यांचा वावर असतो. ‘घरातली गोष्ट घरातच’ या दटावणीचा जाच तिथे फार होऊ शकतो. मुंबईचे कार्यकर्ते हरीश अय्यर यांनी मे २०१२ मध्ये आमिर खान यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बालपणीचे शोषण उघडपणे सांगितले. त्याच महिन्यात संसदेने पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणारा कायदा मंजूर केला. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तोवर मुलग्यांवरील लैंगिक अत्याचाराला बलात्काराची व्याख्या लागू होत नसे आणि भिस्त प्रामुख्याने भारतीय दंड संहितेतील ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीच्या कलम ३७७ वर असे. त्या काळात वाढलेल्या पुरुषांना गप्प बसवायला कायद्याचाही असा हातभार लागला.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी ‘सपोर्ट पर्सन’ नेमू शकते. जबाब, वैद्यकीय तपासणी आणि दिंडोशीसारख्या न्यायालयातील साक्ष या सगळ्यांत ही व्यक्ती मुलासोबत राहते, पुढे काय होणार ते समजावते आणि गुप्तता पाळते. बालहक्क क्षेत्रात काम करणाऱ्यांची या जागी नेमणूक होऊ शकते. शाळांत सुरक्षित-असुरक्षित स्पर्श शिकवणाऱ्या ‘अर्पण’ (स्थापना २००६) किंवा कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ यांसारख्या संस्थांमुळे शहरात या कामाची घडी बसली.

‘ज्याच्यावर अत्याचार झाला तोच पुढे अत्याचारी होतो’ हा समज या वाटेतला मोठा अडथळा आहे. अत्याचार सोसलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे कोणावर अत्याचार करत नाहीत. तरीही या समजापायी एखादा मामा भाचीला कडेवर घ्यायला कचरतो, एखादी बाई लग्नच टाळते. अशांना बालवाडीतल्या पोराने विनासंकोच मांडीवर येऊन बसणे हा आपण विश्वासाला पात्र असल्याचा पुरावा वाटू शकतो. सहकाऱ्यांशी जुळलेली मैत्री, क्वचित त्यातूनच झालेले लग्न, यांचेही मोल तेवढेच.

पण स्वतःची जखम ही कामाची पात्रता नव्हे. मुलाचे ऐकताना आपलेच जुने प्रसंग उसळून येतात. म्हणून कार्यकर्त्याला स्वतःसाठी समुपदेशक आणि अनुभवी वरिष्ठ असावा लागतो. आपली कहाणी मुलाला ऐकवू नये, कारण मग तेच मूल मोठ्या माणसाला सांभाळू लागते. देणगीदारांपुढे कार्यकर्त्याला दरवेळी आपबीती सांगायला लावणारी संस्था त्याचा वापरच करत असते. पोलीस पडताळणीतूनही कोणाला सूट नसावी.

काही जण दत्तक घेण्याचा मार्ग निवडतात. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार एकटी स्त्री मुलगा वा मुलगी दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही. इच्छुकाची शारीरिक, मानसिक व आर्थिक क्षमता समाजकार्यकर्ता गृहभेटीत तपासतो. बालपणी सोसलेला अत्याचार ही त्या नियमांत अपात्रता नाही.