मुलाला औषधाच्या चाचणीत घ्यायचं असेल तर: सही कोणाची, कागद कोणते

कॅन्सर किंवा तशाच मोठ्या आजाराच्या मुलाला क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, घ्यायला वेगळा अर्ज नसतो. फी नसते, आमदारांचं पत्रही चालत नाही. 'नंबर लावून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा. मूल निकषांत बसतं का ते डॉक्टर तपासतात आणि मग पालकांची लेखी संमती घेतात. ऐकायला सोपं आहे. तरीही मुंबईत वॉर्डाबाहेरच्या मदत टेबलावर बसून मी माणसं हात हलवत परत जाताना बघते, आणि कारणं फिरून फिरून तीच असतात.

ट्रायल शोधायची सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या ऑनलाइन सरकारी नोंदवहीत. भारतातल्या चाचण्यांची नोंद तिथे १५ जून २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही फुकट बघता येते. तिथे पहिला पेशंट घेतल्याची एक तारीख असते. लोक तीच शेवटची तारीख समजतात आणि 'मुदत गेली' म्हणून फोनसुद्धा करत नाहीत. ती सोडा. 'ओपन टू रिक्रूटमेंट' (म्हणजे अजून पेशंट घेतायत) लिहिलंय का आणि कुठली हॉस्पिटलं आहेत, एवढंच बघा. मात्र फोन करून विचारल्याशिवाय एसटीत बसू नका, नोंदी कधीकधी शिळ्या असतात.

सगळ्यात जास्त अडतं ते गावच्या दवाखान्याच्या कागदावर. ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं मूल आधी ताप, अंगदुखी, सुजलेले सांधे घेऊन जवळच्या डॉक्टरकडे जातं. तिथे कधी स्टिरॉइड दिलं जातं. त्याने आजाराच्या पेशी काही दिवस दबतात, निदान धूसर होतं, आणि ल्युकेमियाच्या अनेक अभ्यासांत अशी मुलं घेत नाहीत किंवा वेगळ्या गटात टाकतात. दिलं होतं का, किती दिवस, हे कागदावर काहीच नसतं. 'पांढरी बारकी गोळी होती, दुधातून द्यायचो,' यावरून डॉक्टर काय ठरवणार? गोळ्यांची रिकामी पाकिटं जपून ठेवा. त्या डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा आणि तारखा सही-शिक्क्यानिशी लिहून आणा. काढे, जडीबुटी काही दिलं असेल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही. आणि रागावलंच तर रागावू द्या.

गाठीची बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर नुसता रिपोर्ट बऱ्याचदा पुरत नाही. स्लाइड आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक लागतो. लॅब सहज देत नाही, म्हणून इथल्या डॉक्टरांचं पत्र घेऊनच जा. रक्ताच्या रिपोर्टची मुदत अभ्यासागणिक वेगळी असते आणि ती मूल ट्रायलमध्ये घेतल्याच्या दिवसापासून मागे मोजतात, तुम्ही मुंबईत उतरलात त्या दिवसापासून नाही. घरी विचारून येतो म्हणून पंधरा दिवस गेले की सुई पुन्हा टोचायची वेळ येते.

आता सही. आई, वडील किंवा कायदेशीर पालक, बस्स. आजोबा, मामा, काका चालत नाहीत, मूल त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेलं असलं तरी. आईवडील हयात नसतील तर पालकत्वाचा कोर्टाचा आदेश लागतो, आणि कोर्टाच्या तारखांना आजाराची घाई कळत नाही. आईवडील ऊसतोडीवर असतील तर निदान एकाला बोलावून घ्या. काही अभ्यासांत नैतिक समिती (अभ्यासाला परवानगी देणारी समिती) दोघांचीही सही मागते, तेव्हा आधी विचारा. वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण तेव्हा चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सहीपुढची तारीख स्वतःच्या हाताने टाका, नर्सताईंना टाकू देऊ नका.

मुलालाही विचारावं लागतं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयात तोंडी होकार, १२ ते १८ मध्ये लेखी. इथे वय नडतं. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली असते, जन्मदाखल्यावर दिवाळीतला जन्म, आधारवर तिसरंच काही. जन्माचा मूळ दाखला आणा, वाद संपतो.

संमतीपत्रात वार्षिक उत्पन्नाचा रकाना असतो. तो पात्रतेसाठी नाही, कमी लिहून काही मिळत नाही आणि तहसीलदारांचा दाखलाही लागत नाही. खाली वारसाचं नाव विचारलेलं असतं. तिथे एका वडिलांचा पेन थांबलेला मी पाहिला. टोपण लावलं, पुन्हा काढलं. 'आत्ताच मरणाचं लिहून घेता का हो?' शेजारच्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवं: चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी नियमांनीच ठरवलेला तो रकाना आहे. प्रत्येकालाच भरावा लागतो. त्यावरून मूल वाचणार की नाही याचा अंदाज बांधू नका.

नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. हो म्हणून नंतर बाहेर पडलात तरीही नाही. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई वेगळी. मात्र मूल गावाकडे दुसऱ्या दवाखान्यात भरती झालं तर त्याच दिवशी कळवा, कारण डॉक्टरांना ते २४ तासांत वर कळवायचं असतं. कोणाला फोन करायचा ते माहितीपत्रकात असतं.

ते माहितीपत्रक आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात मिळायलाच हवी. 'झेरॉक्सवाला जेवायला गेलाय, उद्या या' म्हणाले तर तिथेच बसून राहा.