शिस्तभंगाची सुनावणी (महाविद्यालयीन)

विद्यार्थ्यावर गैरवर्तनाचा आरोप झाल्यावर महाविद्यालयाने चौकशी करून, त्याचे म्हणणे ऐकून निर्णय देण्याची पद्धत. ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने त्यांना विद्यापीठाचे नियम व महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांची नियमावली मात्र स्वतंत्र असते. शिवाय अनेक ठिकाणी त्याच इमारतीत अकरावी-बारावीचे वर्ग भरतात. ती मुले राज्य मंडळाच्या कक्षेत येतात आणि बहुतेक अल्पवयीन असतात. त्यामुळे कँटीनमधल्या एकाच मारामारीत सापडलेल्या दोघांची प्रकरणे दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात.

नियम सर्वांत तपशीलवार आहेत ते परीक्षेतल्या कॉपीबाबत. चिठ्ठी किंवा मोबाइल सापडला की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका ताब्यात घेतो, तिच्यावर वेळ नोंदवतो आणि सापडलेले साहित्य अहवालासोबत जोडतो. विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो आणि उरलेल्या वेळेसाठी त्याला नवी उत्तरपत्रिका मिळते. निकाल राखून ठेवला जातो. पुढे ‘अनफेअर मीन्स’ (परीक्षेतले गैरप्रकार) समिती त्याला नोटीस देऊन बोलावते. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या सुरुवातीच्या सत्रांच्या परीक्षा महाविद्यालय विद्यापीठाच्या वतीने घेत असल्याने तिथे समिती महाविद्यालयाची असते. विद्यापीठाच्या परीक्षेचे प्रकरण विद्यापीठाकडे जाते. शिक्षा ऑर्डिनन्स ५०५० या विद्यापीठाच्या नियमानुसार ठरते. नुसते साहित्य जवळ बाळगणे, त्यातून प्रत्यक्ष उतरवणे, दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणे असे प्रकार त्यात वेगवेगळे मोजले जातात. म्हणूनच पहिल्या जबाबातला एकेक शब्द महत्त्वाचा. भेदरलेल्या मुलाने ‘माझ्याकडून चूक झाली’ एवढेच लिहून दिले, तर नक्की कोणती चूक हे नंतर समितीला कागदावरून कळत नाही.

रॅगिंगच्या बाबतीत प्राचार्यांना फारशी मोकळीक नाही, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करावी लागते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. कारवाईत कुचराई करणारा संस्थाप्रमुखही अडचणीत येतो. लैंगिक छळाची तक्रार शिस्तपालन समितीकडे नव्हे, तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाते. ती घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते.

उरलेली प्रकरणे, म्हणजे मारामारी, शिक्षकांशी उद्धट वर्तन, महोत्सवातली मोडतोड, खोटे आयकार्ड, ही शिस्तपालन समितीपुढे येतात. तिथे खरा प्रश्न पद्धतीचा असतो. उत्तर प्रदेशच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना न ऐकताच त्यांचे निकाल रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता खटल्यात न ऐकता निकाल रद्द करणे टिकू शकत नाही असे ठरवले. आरोप काय, पुरावा काय हे आधी सांगायचे आणि उत्तर द्यायला वाव द्यायचा, हे तेव्हापासून पक्के आहे. मात्र सुनावणी म्हणजे कोर्ट नव्हे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात (हीरानाथ मिश्र, १९७३) तक्रारदार मुलींचे जबाब आरोपींसमोर घेतले नव्हते. तरीही कारवाई न्यायालयाने योग्य ठरवली, कारण मुलींची सुरक्षितता जपणे गरजेचे होते.

प्रत्यक्षात सुनावणी बऱ्याचदा सुरू होण्याआधीच संपते. आयकार्ड जप्त होते, ‘उद्या पालकांना घेऊन या’ असे सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये तयार माफीनाम्यावर सही होते. कल्याण-बदलापूरहून मुंबईला कामाला जाणाऱ्या आईवडिलांचा त्यात एक खाडा होतो. अशी सही घेतल्याने वेळ वाचतो खरा, पण विद्यार्थ्याने काय केले आणि काय नाही याची नोंद कुठेच राहत नाही. दोन ओळींची का होईना, तारीख आणि आरोप लिहिलेली नोटीस आधी हातात द्यायला हवी.

निर्णय लेखी आणि कारणांसह मागता येतो. छळ किंवा मूल्यमापनातला अन्याय याविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयावर विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करता येते. मार्कशीट वा इतर मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे हीदेखील याच विनियमांखालची तक्रार आहे. त्यापुढचा मार्ग मुंबई उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेचा. तिथे सहसा शिक्षेच्या कमीअधिकपणापेक्षा विद्यार्थ्याला ऐकून घेतले होते का, हे आधी पाहिले जाते.