वनपट्ट्यावर बायकोचंही नाव: वनहक्काचा दावा भरताना काय पाहायचं

सातपुड्यात असो की सह्याद्रीत, डोंगरउतारावरच्या नाचणी-वरईची लावणी, बेणणी, कापणी बहुतेक बायकांच्याच अंगावर असते. शिवाय सरपण, चारा, पाणी. जमिनीच्या कागदावर मात्र एकट्या नवऱ्याचं नाव. वनजमीन कसणाऱ्यांना तिचा हक्क देणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यात याची सोय आहे. कलम 4(4) सांगतं की विवाहित दावेदाराचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा. घर एकटी बाई चालवत असेल, तर हक्क तिच्या एकटीच्या नावे. अर्जापासून सरकारी दप्तरापर्यंत कागद चार-पाच हातांतून जातो आणि त्यात कुठेतरी हे नाव गळतं. त्यामुळे प्रत्येक हातात कागद जाताना तपासायला हवं.

कोण दावा करू शकतं

अनुसूचित जमातीच्या कुटुंबाचा वनजमिनीवर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ताबा हवा आणि पोट त्या जमिनीवर किंवा जंगलावर अवलंबून हवं. इतर पारंपरिक वननिवाशांना, म्हणजे जमातीबाहेरच्या पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना, त्या तारखेआधी तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं, वास्तव्य दाखवावं लागतं. ही अट फार जड आहे आणि असे बरेच दावे तिथेच अडतात. नवरा-बायकोपैकी एक जण जमातीचा असेल, तर त्याचा किंवा तिचा जातीचा दाखला जोडण्याची सोय अर्जातच आहे, ती विसरू नये. जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढीच मिळते, जास्तीत जास्त 4 हेक्टर. ती वारसाने पुढे जाते, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

अर्ज आणि कागद

वैयक्तिक दाव्याचा 'अ' नमुना मोफत मिळायला हवा. त्यात दावेदाराचं नाव आणि जोडीदाराचं नाव असे वेगळे रकाने आहेत. पहिल्याच रकान्यात दोघांची नावं लिहा. बायकोचं नाव फक्त जोडीदाराच्या रकान्यात राहिलं, तर पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, टाइप करणारा ते उचलेलच असं नाही. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. जातीचा दाखला माहेरच्या नावाने असेल, तर दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा कागद सोबत जोडा. नंतर सर्वांत जास्त वेळ यातच जातो.

पुरावे किमान दोन लागतात. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जुने एकसाली किंवा दळीचे (पूर्वी वनजमीन कसायला दिल्याचे) कागद चालतात. शेतातले बांध, सपाटीकरण, झोपडी, विहीर, जुनी स्मशानभूमी हे प्रत्यक्ष खुणांचे पुरावे आहेत. वंशावळ चालते. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो, आणि परित्यक्ता किंवा विधवा बाईकडे स्वतःच्या नावाचं काहीच नसतं तेव्हा हाच जबाब कामी येतो. ती शेत कधीपासून करते आहे, हे शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. त्यांचे जबाब घ्या. अमुकच कागद आणा, असा हट्ट ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. विधवेची जमीन दिराच्या दाव्यात 'सोयीसाठी' घालू देऊ नका. तिचा दावा वेगळाच भरा.

पडताळणी: इथेच क्षेत्र कमी होतं

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. समितीत 10 ते 15 सदस्य असतात, त्यांत किमान एक तृतीयांश महिला. समिती वन आणि महसूल खात्याला कळवून जागेवर येते. त्या दिवशी बाईने स्वतः चतुःसीमा चालून दाखवावी. वरईचं शेत काही वर्षं पीक घेऊन विश्रांतीला सोडतात. मोजणीत अशी पडीक जागा 'ताबा नाही' म्हणून सुटते आणि मोठ्या शेताचे थोडेच गुंठे कागदावर येतात. पडीक तुकड्यातले जुने बांध आणि दगडांच्या ताली दाखवून त्यांची नोंद पंचनाम्यात करून घ्या. उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक आहे, त्याच्या एकट्याच्या आधारे दावा फेटाळता येत नाही.

वनखात्याचं कुणी आलं नाही आणि नंतर त्यांनी त्याच कारणाने हरकत घेतली, तर फेरपडताळणी होते. तेव्हाही ते आले नाहीत, तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणून त्यांना पाठवलेल्या पत्राची पोच फार मोलाची आहे.

नंतर ग्रामसभेचा ठराव. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. गणपूर्ती नसताना केलेला ठराव पुढे टिकत नाही, तेव्हा सह्या आणि अंगठे मोजूनच सभा सुरू करा. ठरावातही दोघांची नावं हवीत. तिथून फाइल प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडे आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाते. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून कुणाला हुसकावता येत नाही.

सामूहिक दावा मागे ठेवू नका

बाईचा निम्मा दिवस शेताबाहेर, जंगलात जातो. ते जंगल उघडं पडलं की सरपण लांब जातं, झरा आटतो, उतारावरची माती वाहून खालच्या शेतात येते. त्यासाठी 'ब' नमुना सामूहिक हक्कांचा, म्हणजे जंगल वापरण्याचा, आणि 'क' नमुना सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे गावाने परंपरेने राखलेल्या जंगलाचा. हे पुरुषांनीच भरले तर 'सरपण, चराई' एवढ्यावर भागवतात. बायकांना विचारून जागांची नावं लिहा: कुठला झरा, गवत कुठल्या माळावर कापतात, मोहाची, हिरड्याची झाडं कुठे, कंद कुठल्या उतारावर. जुन्या पाऊलवाटा नकाशावर आखा. 'क' चा हक्क मिळाला की ते जंगल राखण्याचा, चराई आणि तोड यांचे नियम करण्याचा अधिकार ग्रामसभेचा होतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क 2009 मध्ये मिळाला.

नामंजूर झालं तर

निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो. तो कळल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो आणि मुदत आणखी 30 दिवस वाढू शकते. तोंडी 'नामंजूर' ऐकून घरी परतू नका. कारणांसह लेखी मागा. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेमुळे जिल्हा समितीविरुद्ध विभागीय समितीकडेही जाता येतं.

पट्टा हातात आला की सही करण्याआधी दोन्ही नावं, क्षेत्र आणि चतुःसीमा वाचून घ्या. महसूल आणि वन दप्तरात नोंद जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी. त्या नोंदीचा उतारा तलाठ्याकडून मागून घ्या आणि बायकोचं नाव त्यात आहे का ते पाहा. नसेल, तर पट्ट्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या.