हॅलिबटला बेट (म्हणजे आमिष) कुठलं? आधी सांगा, कुठला हॅलिबट

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती राहणाऱ्या आणि नव्याने गळ टाकायला लागलेल्या आपल्या लोकांची एक ठरलेली चूक आहे, मी पण केलेली आहे. हॅलिबट हा चपटा मासा पकडायचा म्हणून व्हिडिओ बघायचे, व्हिडिओतला माणूस अलास्कात उभा, तो सांगणार हेरिंग (एक छोटा तेलकट मासा) खारवा, ऑक्टोपस लावा, सॅमनचं डोकं लावा, की आपण शनिवारी तेच सगळं डब्यात भरून बर्कलीच्या बोटीवर हजर. माझ्या त्या डब्याचा वास बोटीवर सगळ्यांना आला, फक्त हॅलिबटला आला नाही. दिवसभरात मिळालं काय तर दोन बॅट रे (पाकटासारखा मासा), एक लेपर्ड शार्क आणि बाकी खेकड्यांनी कुरतडलेलं आमिष.

भानगड अशी की हे दोन वेगळे मासे आहेत, नाव तेवढं एक. अलास्कातला तो पॅसिफिक हॅलिबट, बे मधला तो कॅलिफोर्निया हॅलिबट. चपटे दोघंही, वाळूवर पडून राहणारे दोघंही, पण घराणी वेगळी. (आपल्याकडे भाकस मिळतो ना, त्याला इंग्रजीत इंडियन हॅलिबट म्हणतात, तो अजून तिसराच, त्याला आज मध्ये आणू नका.) पॅसिफिकवाला राक्षस आहे, १९९६ साली अलास्कात डच हार्बरला गळावर मिळालेला ४५९ पाउंडाचा मासा रेकॉर्डला आहे. कॅलिफोर्नियावाला त्यापुढे पोरसवदा, २०-२५ पाउंडाचा मिळाला तरी माणूस वर्षभर फोटो दाखवत फिरतो. पण तोंड बघा त्याचं, जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत जातो आणि आत सुईसारखे दात. म्हणजे हा पोहणारा मासा झडप घालून खाणारा प्राणी आहे. वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवतो आणि वरून अँचोव्ही (छोटी चंदेरी मासळी) गेली की उसळी मारतो.

पॅसिफिकवाला पण शिकारीच आहे, पण गळ टाकणारा त्याला शोधतो शंभर, दोनशे, तीनशे फूट खोल, जिथे उजेड कमी. तिथे आमिष दिसण्यापेक्षा त्याचा वास पोचणं महत्त्वाचं. म्हणून एकाला नाकाने बोलवायचं आणि दुसऱ्याला डोळ्याने, बेटचा सगळा फरक इथून निघतो.

आता अलास्कावाल्या बेटची तयारी, कारण खरं कौशल्य त्यात आहे आणि आपल्या लोकांना ते पटकन कळतं, शेवटी खारवणंच आहे ते. मुख्य बेट हेरिंग. फ्रोझन ट्रेमध्ये मिळते, घेताना डोळे स्वच्छ आणि खवले अंगावर आहेत ना ते बघायचं, पोट फुटलेली आणि पिवळट पडलेली घ्यायची नाही. हेरिंगची अडचण एकच, वास भरपूर पण अंग लोण्यासारखं मऊ, खाली पोचेपर्यंत निम्मी गायब. म्हणून एक गॅलन पाण्यात चार कप जाडं, आयोडीन नसलेलं मीठ, पाणी गार पाहिजे, आणि हेरिंग अर्धवट गोठलेली असतानाच त्यात टाकून रात्रभर ठेवायची. मीठ अंगातलं पाणी ओढतं, मांस घट्ट होतं. साध्या पाण्यात वितळवायला ठेवू नका, भिजलेल्या पावासारखी होते. आणि गंमत म्हणजे बरेच जण त्या मिठाच्या पाण्यात चमचाभर नीळ टाकतात, हो तीच, पांढऱ्या कपड्यांची लिक्विड नीळ, त्याने खवले चांदीसारखे चमकतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी खेचतंय आपली.

तरीही हेरिंग मऊच, म्हणून जोडीला ऑक्टोपसची पट्टी. वास कमी पण चिवट एवढी की लहानसहान मासे टोचून टोचून दमतात तरी गळावर राहते. पट्टी आधी गळावर चढवायची, वर हेरिंग, म्हणजे हेरिंग कोणी पळवली तरी खाली काहीतरी उरतं आणि दोनशे फुटांवरून सारखं वर ओढून बघायची वेळ येत नाही (किलो दीड किलोचं शिसं वर ओढायचं म्हणजे खांदे निघतात). सॅमनची डोकी पण चालतात, कातडी जाड, तेल भरपूर. एक कायद्याची गोष्ट, स्वतः गळावर पकडलेल्या सॅमनचं डोकं, शेपूट, पर, आतडी हे बेट म्हणून वापरता येतं, मांसाचे चांगले तुकडे नाही. आंतरराष्ट्रीय हॅलिबट आयोग १९२३ पासून या माशाचा हिशोब ठेवतोय, त्यांच्या सर्व्हेत पण सॅमनचे तुकडे गळाला असतात, १६/० मापाच्या सर्कल हूकवर, म्हणजे टोक आत वळलेल्या गोल गळावर. सर्कल हूकला बेट लावताना टोक उघडं राहिलं पाहिजे, अख्खा गळ मांसात बुजवला तर तो लागणारच नाही, आणि मासा ओढायला लागला की झटका द्यायचा नाही, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात फिरतो.

बे मध्ये यातलं जवळपास काहीच नको. इथे बेट जिवंत पाहिजे, बास. पार्टी बोटवाले (तिकीट घेऊन मासेमारीला नेणारे) सकाळी जिवंत अँचोव्ही टाकीत भरून घेतात, तुमचं काम फक्त चांगली निवडायचं. नाक लाल झालेली, खवले गेलेली, टाकीत एका बाजूला तरंगणारी सोडून द्या, पाठ हिरवट आणि हाताला सापडत नाही अशी पकडा, आणि हात ओला करून धरा. गळ लहान आणि बारीक, नाकपुडीतून आडवा, म्हणजे ती पोहत राहते. तीन तोंडाच्या स्विव्हलला (फिरत्या कडीला) खाली शिसं, बाजूला तीनेक फुटांची दोरी, आणि बोट प्रवाहाबरोबर सोडून द्यायची, बेट वाळूला घासत जायला हवं. अलास्कात बरेचदा नांगर टाकून वासाची वाट बघतात, इथे आपणच फिरून त्याच्या डोळ्यासमोरून जायचं. हा मासा आधी शेपटीकडून चावून बघतो, म्हणून शेपटीजवळ छोटा तीनकाटी गळ लावतात. बेट थकलं की बदला, कंजूषपणा इथेच नडतो.

काठावरून टाकणाऱ्यांसाठी शायनर पर्च, चार बोटं लांबीचा मासा, छोट्या गळांची पिसवाली माळ घाटाच्या खांबांपाशी सोडली की मिळतो. बे मध्ये त्याच्या जातभाईंना, म्हणजे बाकी सर्फपर्चना १ एप्रिल ते ३१ जुलै बंदी आहे, शायनर त्यातून सुटलाय, पण ओळखायला चुकू नका. अँचोव्हीपेक्षा चिवट, बादलीत पंपाची हवा दिली तर अर्धा दिवस टिकतो. आणि २२ इंचाच्या आतला हॅलिबट परत सोडायचा.

वर उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला फोर्ट ब्रॅग, युरेकाकडे गेलात तर खरा घोळ, कारण तिथे दोन्ही मासे मिळतात. पण सोपं आहे, बंदराच्या आत उथळ पाण्यात जिवंत बेट, बाहेर खोल समुद्रात खारवलेलं. माझ्या मित्राने मागच्या वर्षी आतमध्ये हेरिंगच लावली होती, त्यालाही बॅट रे च मिळाला.