बोलण्यातून उमटणारे आकडे : डीटीएमएफच्या खोट्या नोंदींची पार्श्वभूमी

फोनचे बटण दाबले की दोन सुरांची जोडी उमटते आणि तिच्यावरून आकडा ओळखला जातो; या संकेताला डीटीएमएफ म्हणतात. कोणी बटण दाबलेले नसताना सॉफ्टवेअरने आकडा नोंदवावा, हा दोष इंटरनेट टेलिफोनीपेक्षा जुना आहे. १९६३ साली अमेरिकेत बटणांचे दूरध्वनी ग्राहकांच्या हाती आले. आकड्यांचे सूर ज्या तारेवरून जाणार त्याच तारेवरून माणूसही बोलणार, याची जाणीव आखणी करणाऱ्यांना होती. म्हणूनच ६९७ ते ९४१ हर्ट्झ आणि १२०९ ते १६३३ हर्ट्झ अशा दोन गटांतील (प्रत्येक बटणाला दोन्हींतली एकेक) वारंवारिता निवडताना एकीची पट किंवा दोहोंची बेरीज-वजाबाकी तिसरीवर पडू नये, असा बेत राखला गेला. तरीही ‘आ’ उच्चारताना तोंडाच्या पोकळीतील पहिले दोन अनुनाद साधारण या दोन गटांच्याच आसपास येतात आणि एखादा लांबलेला स्वर क्षणभर बटणासारखा भासतो. तंत्रज्ञ याला टॉक-ऑफ म्हणतात.

जुन्या एक्स्चेंजमध्ये याचा फारसा त्रास झाला नाही, आणि त्याचे कारण सहसा सांगितले जात नाही. तिथे सूर ओळखणारा भाग नंबर फिरवून होईपर्यंतच त्या लाइनवर असे. जोडणी झाली की तो मोकळा होऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाई. संभाषण ऐकत बसण्याचे काम त्याच्याकडे नव्हतेच. ‘हिंदीसाठी एक दाबा’ सांगणाऱ्या यंत्रणा आल्यावर हा कान अभिवादन चालू असतानाही उघडा राहू लागला. पुढे कार्यालयीन सॉफ्टवेअरने बोलता बोलता # दाबून कॉल दुसरीकडे वळवण्याची सोय दिली, तेव्हा तो संपूर्ण संभाषणभर उघडा राहिला. माझ्या मते आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे. ओळखण्याच्या गणिताला उगाच दोष दिला जातो.

इंटरनेटवर आवाज जाऊ लागल्यावर अडचण आधी उलट दिशेने आली. जी.७२९ सारखे कोडेक, म्हणजे आवाज आकुंचित करणाऱ्या पद्धती, सेकंदाला ६४ किलोबिटचा आवाज ८ किलोबिटमध्ये बसवताना मानवी बोलणे सांभाळतात, पण शुद्ध सूर बिघडवतात, त्यामुळे खरी बटणेच ओळखू येईनात. यावर २००० साली आरएफसी २८३३ आणि २००६ साली तिची सुधारित आवृत्ती आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकांनी आकडा आवाजात न मिसळता स्वतंत्र पॅकेटातून, म्हणजे माहितीच्या वेगळ्या पुडक्यातून, पाठवण्याची रीत घालून दिली. दोन्ही टोकांनी ती पाळली, तर आवाजात सूर शोधण्याची गरजच उरत नाही.

वाद आहे तो यानंतरच्या निर्णयाबद्दल. कार्यालयांतील फोन जोडणाऱ्या अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्या बाजूने पॅकेटांची तयारी दाखवली नाही, तर आपोआप इनबँडवर, म्हणजे आवाजातच सूर शोधण्यावर, उतरणारा ‘ऑटो’ पर्याय आहे. शिवाय अस्पष्ट सूरही स्वीकारता यावेत म्हणून ओळखीचे निकष सैल करणारा ‘रिलॅक्स डीटीएमएफ’ हा पर्यायही आहे. समर्थकांचे म्हणणे असे की ग्राहकाचे बटण वाया जाण्यापेक्षा एखादी खोटी नोंद परवडली. बँकेच्या स्वयंचलित उत्तरयंत्रणेत हे पटण्यासारखे आहे, पण दोन माणसे तासभर बोलत असताना तोच सैलपणा ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. त्यात दोष वाढवणारी आणखी एक सोय आहे. अ‍ॅस्टेरिस्क फार आखूड आकडा पुढे पाठवताना तो किमान ८० मिलिसेकंदांपर्यंत लांबवते. हेतू चांगला आहे. परंतु बोलण्यातील क्षणिक स्वर चुकून आकडा ठरला, तर तोही तेवढाच लांबतो. मग समोरच्याला मधेच ‘टूं’ ऐकू येते आणि शब्दाचा तुकडा गळतो, कारण सूर समजलेला भाग सॉफ्टवेअर आवाजातून काढून टाकते.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचाही हातभार लागला. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मुभा मिळाली, पण देशांतर्गत सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी ती जोडण्याची परवानगी बरीच वर्षे नव्हती. परिणामी इंदूरसारख्या शहरांतील लहान कार्यालयांत आतले फोन इंटरनेट पद्धतीचे आणि बाहेरची जोडणी तांब्याच्या तारेची, अशी रचना रूढ झाली. या तारेवर आकड्यांचे पॅकेट नसतेच; बाहेरची तार यंत्रणेला जोडणाऱ्या एफएक्सओ कार्डाला आवाजच ऐकावा लागतो.

इंदूरच्या सियागंजातील एका घाऊक मालाच्या पेढीवर असेच घडत होते. बाहेरून फोन लावणारा काही बोलण्याआधीच यंत्रणा त्याला गोदामाकडे वळवी. लॉगमधील, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदींतील, वेळा ध्वनिमुद्रित अभिवादनाशी ताडून पाहिल्यावर नोंद दर वेळी ‘नमस्कार’मधल्या लांबलेल्या ‘का’वरच पडत असल्याचे दिसले. आपल्याच अभिवादनाचा प्रतिध्वनी तारेवरून परत येत होता, आणि ‘आवाज बारीक येतो’ या तक्रारीवर पूर्वी कुणीतरी कार्डाची येणारी पातळी वाढवून ठेवल्याने तो ओळखीच्या टप्प्यात आला होता. पातळी खाली आणून प्रतिध्वनी-निवारण नीट बसवल्यावर नोंदी थांबल्या.

शोध घेताना पहिला पुरावा लॉगमध्येच मिळतो. १६३३ हर्ट्झच्या स्तंभातील ए, बी, सी, डी ही बटणे घरगुती वा कार्यालयीन फोनवर नसतात. त्यामुळे ती अक्षरे नोंदली गेली असतील, तर ती बोलण्यातून किंवा प्रतिध्वनीतून आली असे जवळजवळ धरून चालावे. दुसरा पुरावा कालावधीचा आहे, कारण बोटाने दाबलेले बटण सहसा १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून अधिक टिकते; त्याहून बरीच आखूड नोंद संशयास्पद मानावी. एकच आकडा दोनदा नोंदला जात असेल, तर मात्र रोग वेगळा असतो : तारेचा आवाज इंटरनेटवर नेणारा गेटवे पॅकेट पाठवतो, पण आवाजातला सूर पुरता काढत नाही आणि पुढचे सॉफ्टवेअर दोन्ही मोजते. अशा ठिकाणी इनबँड ओळख बंद करून केवळ पॅकेटांवर विसंबावे. तांब्याच्या तारेवर तो मार्ग नसल्याने ‘रिलॅक्स’ पर्याय बंद ठेवावा, कॉल वळवण्यासाठी एकट्या # ऐवजी दोन बटणांचा संकेत द्यावा, आणि ज्या कॉलना ती सोय लागतच नाही त्यांच्यावर ती चालू करू नये.